भांडं न तापण्याची कारणं

सगळी संस्था त्यांना थंडोबा म्हणायची. सूर्याच्या पोटात जे घडतं ते आपण टेबलावर, गार पाण्यात घडवून दाखवू, असा त्यांचा हट्ट होता. पाण्याच्या टबात काचेचं भांडं, भांड्यात जड पाणी आणि पॅलेडियम धातूची तार. वीज सोडली की दिली त्याहून जास्त उष्णता मिळायला हवी. कधी मिळायची, कधी भांडं ढिम्म.

न तापलं की कारण तयार असायचं. तारच भेसळीची, तिला बारीक चिरा गेल्या, तिच्यात वायू नीट मुरला नाही. तापलं की मात्र कारणबिरण काही नाही, त्या दिवशी सगळ्यांना चहा.

आज संस्थेची समिती प्रयोग तपासायला यायची होती. भांडं तापलं नाही तर खोली जाणार होती, आणि या खोलीबाहेर काय करायचं असतं हे थंडोबांना ठाऊकच नव्हतं. म्हणून शेजारच्या विभागात उष्णता मोजण्याचंच काम करणारी त्यांची बायको सोबतीला येऊन बसली होती.

बुडबुडे आज झकास येताहेत असं थंडोबांना वाटलं. बुडबुड्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून टबातलं पाणी ढवळणारा घरघरता पंखा त्यांनी बंद केला. थोड्या वेळाने थर्मामीटरचा आकडा चढू लागला.

"पंखा नेहमी बंद करता?" बायकोने विचारलं.

"आशा वाटली की करतो."

तिने पंखा लावला. आकडा उतरला. बंद केला, चढला. पाणी ढवळलं नाही की ऊन पाणी भांड्याजवळच साचतं, आणि थर्मामीटर नेमका तिथेच बुडवलेला. थंडोबांचा चेहरा खर्रकन उतरला.

बाहेर समितीची पावलं वाजली.

"अहो, पंख्याचं बटण तुमच्या हाताशी आहे," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

थंडोबांना रडूच येणार होतं. समिती आत आली, चढलेला आकडा बघून चकित झाली. थंडोबांनी अध्यक्षांनाच बटण दाबायला लावलं. आकडा पडला. मग बाकीच्यांनीही हौस भागवून घेतली. चालू, बंद, चालू, बंद. एकदाही चूक नाही.

खोली काढून घ्यावी लागेल, असं अध्यक्षांनी जड आवाजात सांगितलं. "पण तुमच्या प्रयोगाचा निकाल आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या हातून सारखा आला."

"हे लेखी द्याल?" थंडोबांनी विचारलं.

"खोलीचं?"

"नाही हो. सारखा आला, त्याचं."