मेणाचा दोरा

“सेल्फ मार!” बॉनेटच्या आडून उस्तादांचा आवाज आला.

त्यांच्या बायकोने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं आणि पुन्हा गप्प झालं. सकाळपासून हेच चाललं होतं. दोनच माणसं बसतील अशी ती बुटकी लाल स्पोर्ट्स कार, वय तिच्या मुलाएवढं, पण रुबाब असा की येणारेजाणारे अजून थांबून बघत. तिचा हौशी मालक वारला, गाडी पुतण्याकडे आली आणि त्याने हौसेने आतून साफ केली, तेव्हापासून जी बंद पडली ती पडलीच. दोन गॅरेजांनी हात टेकल्यावर पुतण्याने ती ओढत इथे, उस्तादांच्या वायरिंगच्या दुकानात आणून टाकली होती.

“करंट येतोय का बाबा?” दारातल्या स्टुलावरून मुलाने विचारलं.

“आला असता तर मी इथे डोकं घालून बसलो असतो का?” उस्ताद गुरगुरले.

मुलगा परगावी नोकरीला. काल आला तो मनाशी ठरवूनच. गेल्या महिन्यात उस्तादांनी वायरिंग करून दिलेल्या एका गाडीत हॉर्न दाबला की वायपर फिरायला लागले. सगळी गल्ली पोट धरून हसली. बायको मात्र हसली नव्हती. त्याच आठवड्यात दुकानातून घरी येताना ते भलत्याच दाराची कडी वाजवत उभे राहिले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते तिने ऐकलं, मुलाने ऐकलं. उस्ताद मात्र तेवढा वेळ डॉक्टरांच्या पंख्याचा रेग्युलेटर कसा बिघडलाय ते बघत होते.

“ही गाडी त्यांच्या हातून झाली तर ठीक,” मुलगा सकाळीच तिला म्हणाला होता. “नाहीतर शटर खाली. उद्या एखाद्या गाडीला आग लागली तर कुणाच्या तोंडाकडे बघशील आई?”

मुलगा वाईट नव्हता, आणि त्याचं खोटंही नव्हतं. पण दुकान काढून घेतलं तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसेल आणि बघता बघता आपल्यालाही ओळखेनासा होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता.

बसून बसून अवघडली म्हणून तिने पाय मागे घेतला. सीटखाली टाचेला काहीतरी टोचलं. एक छोटासा खटका.

सगळं आठवलं. गाडी चोरीला जाईल या धास्तीने जुना मालक पार हैराण झाला होता, तेव्हा उस्तादांनीच त्याला हा चोरस्विच बसवून दिला होता. शर्टाला चोरकप्पा असतो तसा. खटका सरकवला की कॉइलचा करंट बंद, मग किल्ली फिरवून हात मोडले तरी गाडी चालू व्हायची नाही. त्या दिवशी टॉर्च तिनेच धरला होता. साफसफाईत पुतण्याचा धक्का लागला असणार.

म्हणजे हे सकाळपासून आपलंच काम शोधत होते.

सांगावं का? ‘अहो, तुम्हीच तर बसवलाय’ म्हटलं की मुलगा उठून शटर ओढणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, यांना कळणार. चष्मा विसरतो, किल्ल्या विसरतो हे त्यांना ठाऊक होतं. कामातलं विसरत नाही, या एका खुंटीवर त्यांनी उरलेलं सगळं टांगून ठेवलं होतं.

“झोप लागली का? सेल्फ मार!”

तिने टाचेने खटका सरकवला आणि किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की भिंतीवरचे पाने खणखणले.

“झाली की!” मुलगा ताडकन उठला. “बाबा, झाली!”

उस्ताद बॉनेटमागून बाहेर आले. त्यांचा चेहरा पडला होता.

“बंद कर.”

“अहो, चालू झाली ना?”

“मी काही केलंच नाही. नुसता उभा होतो. आपोआप गेलेला फॉल्ट आपोआप परत येतो. उद्या ते पोर भररस्त्यात अडकेल आणि नाव जाईल माझं. बंद कर म्हणतो ना!”

तिने बंद केली. एवढंसं खोटंसुद्धा या माणसाला पचत नव्हतं. याच हट्टापायी संसार कधी वर आला नाही, आणि याच हट्टावर ती एकेकाळी भाळली होती. तिने खटका होता तसा केला आणि मनातल्या मनात देव पाण्यात घातले.

उस्तादांनी टेस्ट लॅम्प घेतला आणि कॉइलपासून मागे, एकेक वायर टोचत निघाले. दिवा लागला, लागला नाही. मध्येच थांबले. कुठपर्यंत आलो होतो ते सुटलं. हातातल्या दिव्याकडे ते बघतच राहिले. मुलाने तिच्याकडे पाहिलं.

“मला पुन्हा चढउतार करायला लावू नका हं,” ती करवादली. “डॅशबोर्डपर्यंत झालं म्हणालात ना मघाशी?”

“झालंच आहे! मला शिकवतेस? उतर खाली.”

ते आत आडवे झाले. पाय तेवढे बाहेर. मग सीटखालून गर्जना आली.

“काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, कुणा भामट्याने इथे चोरस्विच बसवून ठेवलाय! टॉर्च धर.”

तिने वाकून टॉर्च धरला.

“भामटा म्हणालो, पण हात सोन्याचा आहे हं. प्लॅस्टिकची पट्टी नाही, काही नाही. मेणाच्या दोऱ्याने बांधलंय, शेपूट आत दडवून. एक वायर हलली नाही बघ.”

निळा दोरा. मेणबत्तीचे तुकडे घासून घासून तो तीच घरी करायची, आणि दुसरं टोक धरून लहानपणी मुलगा उभा राहायचा. मुलगा वाकला. त्याने दोरा पाहिला आणि पांढराफटक पडला.

“बाबा, हा तर...”

तिने त्याचं मनगट नखं रुतेपर्यंत दाबलं.

“हा माणूस शोध,” उस्ताद आतूनच म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “कुठे असेल तिथून आण. माझं हल्ली इकडचं तिकडे होतं. तुम्हाला वाटतं मला कळत नाही. असा एक जण हाताशी असला तर दुकान चालेल गं.”

“शोधते,” ती म्हणाली.

वायर तपासायला त्यांनी एक गाठ कापली होती. न बघताच त्यांनी हात मागे केला. न बोलताच तिने दोऱ्याचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला, आजवर ठेवला तसाच. त्यांची बोटं सरसर फिरली. दोन वेढे, एक उलटा, शेपूट आत.

“बघ, त्याच्यासारखी जमली का?”

मुलाने पुढे होऊन टॉर्च तिच्याकडून घेतला आणि स्वतः धरला. उजेडात दोन्ही गाठी शेजारी शेजारी होत्या.

“अगदी त्याच्यासारखी,” ती म्हणाली.

“उगाच कौतुक नको,” उस्ताद म्हणाले. “त्याची जरा जास्त घट्ट आहे.” आणि आपली गाठ सोडून ते पुन्हा बांधू लागले.