पाचर सैल करा

जरा पाय जपून टाका. कोपऱ्यातलं हे लाकूड म्हणजे मी, रेचा. कापसातून सरकी वेगळी काढणं हा माझा जन्माचा धंदा. अकोटच्या सुताराने मला बाभळीतून घडवलं. एकावर एक दोन दांडे, दोन बाजूंना दोन मुठी आणि दांडे आवळायला एक पाचर. पाचर सैल राहिली तर सरकी कापसाबरोबर निघून जाते. फार ठोकली तर सरकी फुटते आणि रुईला तेलाचे डाग पडतात. माझं ज्ञान एवढंच.

तेल्हाऱ्याजवळ नत्थुजीच्या घरी मी आलो, तेव्हा सातासमुद्रापार लढाई लागली होती म्हणे, आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कोणाची, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. माझी एक मूठ नत्थुजीची, दुसरी त्याची बायको जमुना हिची. दिवाळी झाली आणि नत्थुजी रुईची बैलबंडी जुंपून दूरच्या रेल्वेकडे निघाला. महिन्यात येतो म्हणाला. संक्रांत गेली तरी बंडी दिसेना.

जमुना दोन्ही मुठी एकटीच फिरवू लागली. तिचं जेवण सुटलं, पोटात गोळा येऊ लागला. सासू गोदाबाईने ओवा दिला, हिंग चोळला. शेजारच्या पार्बताबाईने बिब्ब्याचा चटकाही दिला. पोटाचे एवढे लाड झाले, पण पोटाला काही झालेलंच नव्हतं.

"काय होते तुले?" गोदाबाई विचारी.

"काई नाही."

दुसरं काय सांगणार? नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये. 'ते अजून आले नाहीत' म्हणावं, तर "अभद्र बोलू नको" म्हणून लगेच गप्प करत. मनात दिवसभर चालतं ते तोंडातून आलं की अभद्र, आणि पोटात कुजलं की चालतं. माणसांचा हा हिशेब मला कधी कळला नाही.

एका दुपारी जमुनेने माझी पाचर ठोकली. ठोकतच राहिली. मुठी फिरवताच सरकी कटाकट फुटली, रुई पिवळी झाली. गोदाबाई ओरडायलाच आली होती, पण ती डागाळलेली रुई हातात घेऊन ती खाली बसली. मग माझी दुसरी मूठ धरून म्हणाली,

"नत्थूचा घोर लागला न तुले?"

जमुनेची मूठ थांबली.

"मले बी लागला. भाकर घशाखाली उतरत नाही. एकलीनं काहून वाहून राहिली हा घोर?"

"ते येतीन न, आत्याबाई?"

"मले काय मालूम, बाई."

धीर देणारं एक अक्षर नव्हतं त्यात. तरी जमुना मोकळी रडली, आणि संध्याकाळी दोघींनी मिळून दीड भाकर खाल्ली. मला वाईट वाटलं ते इतकंच, की हे इतक्या उशिरा झालं.

होळीनंतर नत्थुजी आला. एक बैल वाटेत मेला होता. बंडीला दुसऱ्या बाजूने तो स्वतः खांदा देत आला होता. सगळे विचारत, "काय झालं?" तो म्हणे, "काई नाही." ताट तसंच सारून उठे.

तिसऱ्या दिवशी जमुनेने माझी पाचर सैल केली आणि त्याला त्याच्या मुठीशी बसवलं.

"फिरवा," ती म्हणाली. "अन् त्या बैलाचं सांगा."

आता गावोगाव वाफेची यंत्रं आली आहेत, मला कोणी हात लावत नाही. चुलीत घालायचं तर खुशाल घाला, बाभूळ चांगली जळते. फक्त घरात कोणी "काई नाही" म्हणून ताट सारलं, तर ओवा शोधण्याआधी त्याच्यासमोर बसा.