प्रीतीचं अर्थशास्त्र

अर्थशास्त्राचं पुस्तक मनोहररावांच्या वाट्याला आलं, कारण ते दुसरं कोणी घेत नव्हतं.

कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढून ते निवृत्त झाले होते आणि मानकापूरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. तशी बायको होती. प्रयागबाई मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून बंगळुरूला गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. मुलगी नोकरीवर, जावई नोकरीवर, मग नातवाला सांभाळणार कोण? मनोहरराव दोनदा तिकडे जाऊन आले आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत "घराकडे पाहावं लागते" म्हणत परतले. घरात पाहण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

समोरच्या विंगमधली श्वेता कॉलेजात शिकवायची. अकरावी-बारावीच्या अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं फोनवर वाचून पाठवणाऱ्यांचा एक ग्रुप तिने जमवला होता. सोसायटीच्या ग्रुपवर तिने निरोप टाकला, तेव्हा मनोहररावच तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काका, इतिहास, समाजशास्त्र लोकांनी पटापट घेतलं," श्वेता म्हणाली. "अर्थशास्त्र कोणीच घेऊन नाही राहिलं. त्यात तक्ते आहेत, आकृत्या आहेत."

"मले दे. आकड्यांचा मले त्रास नाही."

तो नव्हताच. दर तासाला किती मेगावॅट चाललेत ते फोनवर खणखणीत सांगायचं, सात आणि साठ यांत पलीकडच्याची गफलत होऊ द्यायची नाही, अशी त्यांच्या जिभेला सवय होती.

ऐकणारी मुलगी होती प्रीती, नरखेड तालुक्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत ती नागपुरात अंध मुलींच्या वसतिगृहात शिकली, नंतर घरी आली. काटोलच्या कनिष्ठ महाविद्यालयात तिचं नाव होतं, पण रोजच्या बसने जाणं-येणं जमत नव्हतं. गावातल्या बाकीच्या मुली सकाळी एसटीने निघून जात आणि प्रीती ओसरीवर कानात इयरफोन घालून बारावी करत बसे.

पहिला पाठ मनोहररावांनी एका दमात वाचला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी प्रीतीचा आवाज आला.

"काका, आवाज मस्त आहे तुमचा. पण 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' म्हणून तुम्ही पुढे चालले गेले. मी तिथंच राहिली."

मनोहररावांनी पुस्तक पुन्हा उघडलं. आकृती क्रमांक एक. दुपारभर ते त्या दोन रेषांकडे पाहत राहिले. हे पाहणं दुसऱ्याच्या हवाली करायचं तरी कसं? आधी त्यांनी पट्टीने मोजून सगळे आकडे वाचले. ऐकून पाहिलं तर त्यांना स्वतःलाच काही कळेना. शेवटी ते उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि फोन तोंडाशी धरून बोलू लागले.

"बेटा, उभी राय. उजव्या हाताचं बोट डाव्या खांद्यावर ठेव. आता ते तिरपं खाली ओढत उजव्या कमरेपर्यंत आण. हा मागणीचा वक्र. वर किंमत जास्त, मागणी कमी. खाली आली का किंमत कमी, मागणी जास्त. आता डाव्या कमरेपासून उजव्या खांद्यापर्यंत ओढ. हा पुरवठ्याचा. दोन्ही जिथं एकमेकाले कापतात, तो समतोल."

तासाभरात उत्तर आलं. ती हसत होती. "काका, समतोल माह्या पोटाच्या वरतं आला! माय विचारून राहिली, काहून गुदगुल्या करून घेतं म्हणून."

तेव्हापासून दहा ते बारा ही त्यांची ड्यूटी झाली. खिडक्या बंद, पंखा बंद, गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून फ्रीजही बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात बनियन अंगाला चिकटे. फ्रीज पुन्हा लावायचा राहून दोनदा दूध नासलं. तक्ता आला की आधी तो सांगतो काय हे सांगायचं, मग आकडे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, प्रीतीच्या प्रश्नांनी शिकवलं.

एक दिवस तिने वेगळंच विचारलं. "काका, रागावू नका. चाळीस रेकॉर्डिंग झाल्या. तुमच्या घरी कोणीच बोलत नाही का? एकदाही मागून कोणी हाक नाही मारली."

मनोहररावांनी तीनदा उत्तर बोलून पाहिलं आणि तिन्ही वेळा पुसलं. चौथ्यांदा म्हणाले, "पाचव्या पाठाचा दुसरा भाग पाठवून राहिलो. ध्यान देऊन ऐक."

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मात्र तिचे निरोप लांबत गेले. शंका दोन वाक्यांची असे, बाकी इकडचं तिकडचं. मोसंबीच्या बागेतली मोटर जळाली, चुलत बहिणीचं जमलं, वसतिगृहातल्या मैत्रिणी आता फोन उचलत नाहीत. तिच्या बोलण्यामागे भांडी वाजत, कोणीतरी शेळीला हाकलत असे, आई "प्रीते, जेवून घे वं" म्हणून ओरडे. ते निरोप मनोहरराव जेवताना लावत आणि संपले की पहिल्यापासून पुन्हा.

बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. ती सांगेल ती उत्तरं लिहिण्यासाठी रायटर लागणार होता. "मी येतो," मनोहररावांनी श्वेताला सांगितलं. श्वेताने मान हलवली. "काका, रायटर तिच्यापेक्षा कमी शिकलेला लागते. तुम्ही तर इंजिनिअर." गावातल्याच अकरावीच्या एका मुलीने पेपर लिहिले.

मग प्रीतीने दिल्लीचं काढलं. तिथल्या एका कॉलेजात अंध मुलांसाठी वेगळी खोली आहे, कॉम्प्युटर पुस्तकं वाचून दाखवतो, मुली काठी घेऊन एकट्या फिरतात, असं तिने ऐकलं होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म श्वेताने भरून दिला. सराव मनोहररावांनी घेतला. रोज पन्नास प्रश्न, ते चार पर्याय वाचणार, ती उत्तर सांगणार.

एप्रिलच्या शेवटी तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज संकोचलेला होता.

"साहेब, पोरगी दिल्लीचं नाव घेऊन बसली. आमच्याकडून तिले समजावणं होत नाही आणि आम्हाले त्यातलं काही समजत नाही. तुमचं ते ऐकते. तुम्ही म्हणाल तसं करू. पाठवू का?"

 ती नागपूरलाच शिकली तर काय होईल, ते मनोहररावांना एका क्षणात लख्ख दिसलं. तीन वर्षांची पुस्तकं, रोजचे दोन तास, जेवतानाचा तो आवाज. "एवढ्या दूर कशाले, इथं मी आहो ना," एवढंच म्हणायचं होतं. बाप सुटकेचा निःश्वास सोडणार होता, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता.

"हॅलो? साहेब?"

"पाठवा," ते म्हणाले. "इथं तिले कोणीतरी वाचून देईन, तेव्हाच ती शिकन. तिथं ती स्वतः वाचन. पाठवा तिले."

फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि कशासाठी आलो तेच आठवेना म्हणून परत आले.

प्रवेश परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. मनोहरराव सकाळी आठलाच फाटकाशी जाऊन उभे राहिले. फॉर्मवरच्या फोटोवरून त्यांनी तिला ओळखलं. ठेंगणी, घट्ट वेणी, एक हात वडिलांच्या दंडावर. त्यांनी "प्रीती" म्हणताच तिची मान झटकन वळली, पण चेहरा त्यांच्या डोक्याच्या जरा वर रोखलेला.

"काका? तुम्ही तर बुटके निघाले! मले वाटे सहा फुटाचे असान."

सगळे हसले. तिने त्यांचा हात चाचपला आणि धरून ठेवला. बोलायला दोन मिनिटंच मिळाली, आत सोडायला सुरुवात झाली होती. दुपारी पेपर सुटल्यावर वडिलांना काटोलची बस गाठायची होती.

तिला प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये ती गेली. पहिल्या आठवड्यात रोज निरोप आले, दुसऱ्यात दोन, मग रविवारी एक.

पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम मनोहररावांनी श्वेताकडून मिळवला होता. पुस्तक इंग्रजीत. शब्दकोश जवळ घेऊन उच्चार तपासत त्यांनी तीन प्रकरणं रेकॉर्ड केली. चौथं झालं की एकदम पाठवायची, म्हणजे तिला नवल वाटेल. चौथ्याच्या मध्यावर असतानाच तिचा निरोप आला. मागे बऱ्याच मुलींचा कलकलाट होता.

"काका, मी आता कॉम्प्युटरवर सगळं वाचून राहिली! डबल स्पीडवर. तुम्ही आता माह्यासाठी तरास घेऊ नका. लय केलं तुम्ही." मग कोणीतरी हिंदीत तिला बोलावलं आणि निरोप संपला.

"शाब्बास," एवढंच त्यांनी पाठवलं. तीन प्रकरणं फोनमध्येच राहिली.

संध्याकाळी प्रयागबाईंचा फोन आला. "अहो, आज आवाज असा काहून येऊन राहिला?"

"कुठं? बराच तर आहे."

"इकडे येता का थोडे दिवस?"

"पाहू," ते म्हणाले. नातू पलीकडे रडायला लागला म्हणून प्रयागबाईंनी फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी श्वेता भूगोल घेऊन आली. कळमेश्वरचा विहंग नावाचा मुलगा, अकरावीत. मनोहररावांनी फ्रीज बंद केला आणि पहिला पाठ वाचला. नकाशा आला तेव्हा थांबून तो हातावर समजावला, मनगट कुठं, अंगठा कुठं. शेवटी म्हणाले, "बेटा, काही अडलं तर विचारजो. बोलून पाठव, मी ऐकतो."

पावणेतीनला रेकॉर्डिंगखाली ती ऐकल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. त्यानंतर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मुलगा ऐकत होता, एवढं नक्की. चौथ्या दिवशी दहा वाजता मनोहररावांनी खिडक्या लावल्या, पाण्याचा एक घोट घेतला आणि दुसरा पाठ उघडला.