खंडेनवमीला आलेल्या स्प्रिंगा

अक्कलकोट रोडला माझं ट्रकचं गॅरेज आहे. मी चन्नवीर. गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारा म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे.

बिरदेवचा ट्रक भरला की चढाला रडायचा. त्याला जास्त ओढ हवी होती, म्हणून त्यानं कुठूनसा भारी कॅमशाफ्ट आणला. मी त्याला समोर बसवून समजावलं. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. हा नवा दांडा व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि झटक्यात उचलतो. मग तितक्याच झटक्यात बंद करायला स्प्रिंगाही कडक लागतात. नाहीतर इंजिन जोरात फिरलं की व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि खालून येणारा पिस्टन त्याला ठोकतो.

"नुसता दांडाच बदलायचा असंल तर दुसरं गॅरेज बघ," मी म्हणालो. त्यानं मुकाट्यानं स्प्रिंगा मागवल्या.

दांडा बसला, जुन्याच स्प्रिंगांवर इंजिन बांधून झालं, तरी पार्सलचा पत्ता नाही. ते आलं खंडेनवमीला दुपारी, पूजा झाल्यावर. पान्यांपासून स्प्रिंगा दाबायच्या हत्यारापर्यंत सगळं हळदीकुंकू लावून पाटावर मांडलं होतं. आमच्याकडे पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत. वडिलांनी कधी हलवलं नाही.

"पहाटं गाडी सोडायचीय," बिरदेव म्हणाला. "दसऱ्याचा मुहूर्त हाय. चादरी भरल्यात, रत्नागिरीला जायच्यात."

"परवा सोड की."

"परवा दसरा असतोय व्हय?"

मी खोक्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. जुन्या स्प्रिंगा एक खेप काढतील, असं सांगून टाकलं. चढाला काही होणार नाही हे मला माहीत होतं. धोका उताराला होता. तिथं खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरतं आणि मागचं वजन त्याला पळवतं. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर एक गाडी थांबवावी लागली असती किंवा एक हत्यार उचलावं लागलं असतं.

दसऱ्याला अकराच्या सुमारास बिरदेव पेढे घेऊन आला. "ड्रायव्हर सणाला गावाकडं पळाला," तो म्हणाला. "तुमच्या शिवूला पाठवलं. लई खूश व्हता."

शिवू माझा धाकटा भाऊ. बदली ड्रायव्हर म्हणून जातो. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याचा फोन लागला.

"अण्णा, गाडी काय ओढतीय की. चढ कळलाच न्हाय."

"कुटं हायस?"

"आंबा घाटात. उतार चालू झालाय."

"कडंला घे. इंजिन बंद कर."

"हितं कुटं घेऊ? मागं रांग हाय."

त्याच्या बोलण्यामागून टकटक ऐकू येत होती. व्हॉल्व्हची होती, मी ओळखली. खालचा गिअर ठेव म्हणावं तर इंजिन जाणार, वरचा टाक म्हणावं तर भरल्या गाडीचे ब्रेक तापणार. तीस वर्षं लोकांना सुनावत आलो आणि भावाला सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

"भिऊ नको, अण्णा," शिवू हसत म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं काम असतं तर गाडी घेतलीच नसती. तू बसवलंयस म्हणून निघालो."

मग लोखंडावर लोखंड आदळलं आणि इंजिन गप्प झालं. चाकांचा आवाज मात्र वाढतच चालला होता.