एकदाच विचारलं

आमच्या घरात पहिलं ‘ठीक’ कुणी खरं मानत नाही. तब्येत विचारली की माणूस ठीकच म्हणणार. पुन्हा विचारायचं, तेव्हा कुठे गाडी गुडघेदुखीवर येते. इकडे हिंदी मुलखात, पाटणकर बाजारातल्या आमच्या सगळ्या मराठी गोतावळ्यात हेच. आग्रहाशिवाय दुसरी पोळी घ्यायची नाही आणि दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय दुखणं सांगायचं नाही.

माझा धाकटा भाऊ अपूर्व स्वीडनला गेला आणि हे विसरला. विसरला कसला, त्याला विसरायला लावलं. पहिल्याच वर्षी कॅन्टीनमध्ये त्याने शेजारच्याला विचारलं होतं, चेहरा का उतरलाय, घरी काही झालं का? दुसऱ्या दिवसापासून तो माणूस लांबच्या टेबलावर बसायला लागला. तेव्हापासून अपूर्व लिफ्टमध्ये, ऑफिसात, सगळीकडे हवेबद्दल बोलतो. आमच्याशीसुद्धा.

फाल्गुनात बाबांच्या पोटात गाठ निघाली. कंपू भागातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. घरी येताना रिक्षात बाबांनी माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"मंजिरी, अपूर्वला तू सांगायचं नाहीस. माझी शपथ. तो विचारेल तेव्हा मीच सांगीन. बुलावा धाडून आलेला मुलगा नको मला."

मला संताप आला. मरतानाही मानपान! पण शपथ मोडायचा धीर झाला नाही.

रविवारी अपूर्वचा फोन आला.

"कसे आहात बाबा?"

"ठीक आहे रे."

आणि बाबा थांबले. फोन कानाशी घट्ट धरलेला, ओठ उघडे. मीही दारात उभी, अपूर्वचा आवाज तिथवर ऐकू येत होता.

"छान. इथे अजून बर्फ आहे. तिकडे गर्मी सुरू झाली का?"

"झाली. पंखा लागतो आता."

दर रविवारी हेच. शेवटी मीच अपूर्वला फोन केला. "बाबांना जरा नीट विचार ना."

"विचारतो की दर हफ्ते. ठीक म्हणतात. ताई, खोद-खोदके पूछना अच्छा नहीं लगता यार. ज्याला सांगायचंय तो सांगतो."

"आपल्याकडे नाही सांगत रे, गाढवा!"

तो हसला. त्याला वाटलं, मी नेहमीसारखीच चिडलेय.

शेवटच्या रविवारी बाबांना बोलवत नव्हतं, तरी ‘ठीक’ म्हणाले. "आवाज बसलाय तुमचा," अपूर्व म्हणाला, "कूलर कमी लावत जा." फोन ठेवून बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्याच आठवड्यात ते गेले.

अपूर्व आला तोवर सगळं उरकलं होतं. शेजारच्या सुलोचनाबाईंनी त्याला दारातच गाठलं. कधी कळलं? जेवण जात होतं का? तुझं नाव घेतलं का? "मुझे किसीने बताया ही नहीं," एवढंच तो म्हणत राहिला. मला त्याची दया आली आणि त्याच्या कानशिलात द्यावीशीही वाटली.

लोक गेल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला. डोळे रडून सुजलेले.

"ताई, तू कशी आहेस?"

"ठीक आहे," मी म्हणाले. आणि थांबले, बाबांसारखीच.

त्याने मान हलवली. मग वर पंख्याकडे बघितलं.

"गर्मी फार आहे ना यंदा," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.