जरीचा पेटा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. स्वभावाने जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. वरून कडक कवच, आत बुचाचं अस्तर, हनुवटीखाली चामड्याचा पट्टा. १९५८ साली बंगळूरहून मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरने मला हाताखालच्या सुधींद्ररावांना देऊन टाकलं. सुधींद्ररावांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच. बसवनगुडीहून ते रोज मला घालून मोटारसायकलवर कामाला जात. लोक बघून हसत, पण मी सुखात होतो.

घरात माझा एक वैरी होता. सुधींद्ररावांच्या वडिलांचा जरीचा म्हैसुरी पेटा, म्हणजे तयार बांधलेला फेटा! तो मलमलीत गुंडाळून कपाटात आणि मी दारामागच्या खुंटीवर. पाहुणे आले की त्याचं कौतुक. माझ्यात मात्र एकदा वसुमतीबाईंनी, म्हणजे सुधींद्ररावांच्या बायकोने, चक्क लसूण ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१९६१ मध्ये त्यांच्या लेकीचं, कावेरीचं लग्न ठरलं. अक्षत घेऊन मल्लेश्वरमला आमंत्रणं करायची होती. सुधींद्ररावांनी मला खुंटीवरून काढलं, तोच त्यांचे थोरले भाऊ त्रिविक्रमअण्णा कडाडले.

"अरे, अक्षत द्यायला निघालास की लढाईला? शुभकार्याला डोक्यावर हा डबा? पेटा घाल!"

"अण्णा, गाडीवर स्वल्प वारं लागतं..."

"घट्ट बसव. लोक काय म्हणतील?"

"सरी, बरं," म्हणत सुधींद्ररावांनी मला परत टांगलं.

पेटा ऐटीत निघाला. मी जळून खाक झालो. मनात म्हणालो, पडू दे हा एकदा धुळीत!

तासाभराने शेजारचे दामोदरपंत धापा टाकत आले. वळणावर जटका, म्हणजे घोड्याचा टांगा, आडवा आला होता आणि मोटारसायकल घसरली होती. पेटा आधीच उडाला, डोकं मागाहून दगडावर आपटलं. सुधींद्रराव इस्पितळात होते आणि पेटा दामोदरपंतांच्या हातात. त्याच्यावर एक ओरखडाही नव्हता. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला नाही. माझीच लाज वाटली.

अकरा दिवस सुधींद्ररावांनी कुणाला ओळखलं नाही. कावेरी उशाशी बसून "अप्पा, अप्पा" म्हणे आणि ते विचारत, "तुम्ही कुणाच्या?" बाराव्या दिवशी त्यांनी तिला नावाने हाक मारली, तेव्हा ती पोर ओक्साबोक्शी रडली. लग्न पुढे ढकललं.

तीन महिन्यांनी ते उरलेली आमंत्रणं करायला निघाले. वसुमतीबाईंनी मला पुसून त्यांच्या हाती दिलं. अण्णांनी तोंड उघडलं, पण त्याच आधी बोलल्या.

"अण्णा, पेटा पिशवीत ठेवलाय. लोकांच्या दारात गेले की घालतील. आधी डोकं जागेवर राहू दे, मग त्याच्यावर पेटा!"

अण्णांनी स्वतःच पिशवी गाडीला अडकवली.

आता प्रत्येक दारात मी उतरायचो आणि पेटा चढायचा. त्याला आत पाट, मला ओसरीवर चपलांची संगत. खोटं कशाला बोलू, मी पुन्हा जळलो.

मित्रांनो, मला कपाट नको की मान नको. रस्त्यावर मात्र तुमचं डोकं माझ्या हवाली करा आणि पट्टा नीट बांधा. आत मिरवायला हवं त्याला न्या. मी चपलांपाशी बसून खुशाल जळेन. तुम्ही आपल्या पायांनी चालत आत जा, म्हणजे झालं.