चौथं पोतं

"मन्नूबियाबाईंना आता एकटं ठेवू नका," असं डॉक्टरांनी सांगून तीन महिने झाले होते. तेव्हापासून तिची तिन्ही मुलं उकाड्यावर, टोमॅटोच्या भावावर भरभरून बोलत. पण आई कुठे राहणार हा विषय निघाला, की कुणाला तरी नेमका फोन यायचा.

आज मात्र गुडघा ठणकत असूनही मन्नूबियाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. वर्षभराचा कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे वळलेले बारीक दाणे, स्फाक्स शहराच्या उन्हात गच्चीवर खडखडीत वाळला होता. दरवर्षीसारखी मुलं आपापलं पोतं न्यायला आली होती. यंदा आईचं चौथं पोतं ज्याच्या गाडीत चढेल, त्याच्याच घरी आई जाणार, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं.

"माझी डिकी भरली गं," थोरला शाकेर घाईघाईने म्हणाला.

"आमचा तर चौथा मजला," मधली लेक नाजिहा पुटपुटली.

धाकटा रौफ टायर तपासायला खाली वाकला.

मन्नूबिया खो खो हसली. "अरे, घाबरताय काय! माझं पोतं सकाळीच गेलं."

"कुणाकडे?" तिघं एकदम ओरडली.

"समोर, खदूजाकडे. तीही एकटी, मीही एकटी. तळमजला आहे, कामाला बाई ठेवलीय. आता खिडकीत बसून अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढणार आम्ही!"

शाकेर भडकला. "परक्याच्या घरी? लोक काय म्हणतील? आम्हाला विचारायचं तरी!"

"तुम्ही विचाराल म्हणून तीन महिने थांबले रे," मन्नूबिया चपला चढवत म्हणाली. "खदूजाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, येतेस का म्हणून."